हंगामाचा अंदाज आणि वादळाचा इशारा

“यंदा एल निनो आहे, त्यामुळे वादळांची फारशी चिंता नको,” असे किनारपट्टीच्या शहरांत सहज बोलले जाते. या बोलण्यात हंगामी अंदाज आणि वादळाचा इशारा यांची गल्लत असते. हंगामी अंदाज एखाद्या संपूर्ण समुद्रात पुढील काही महिन्यांत वादळे सरासरीपेक्षा कमी होतील की जास्त, याची शक्यता सांगतो. इशारा मात्र तयार झालेल्या किंवा तयार होत असलेल्या एका वादळाविषयी आणि किनाऱ्याच्या ठरावीक पट्ट्यासाठी असतो.

विषुववृत्ताजवळच्या मध्य व पूर्व पॅसिफिक महासागराचे पृष्ठजल सरासरीपेक्षा किमान अर्ध्या अंश सेल्सिअसने तापून काही महिने तसेच राहिले आणि वाऱ्यांनीही त्याला साथ दिली, तर त्या स्थितीला एल निनो म्हणतात. याउलट पाणी थंड राहिले तर ती ला निना. एल निनोच्या काळात अटलांटिकवर वातावरणाच्या खालच्या आणि वरच्या थरांतील वाऱ्यांच्या वेगात व दिशेत मोठा फरक पडतो, आणि त्यामुळे वादळाची उभी रचना कलून विस्कटते. पूर्व पॅसिफिकमध्ये मात्र हाच एल निनो सहसा वादळांना पोषक ठरतो. म्हणजे आपला समुद्र कोणता हे पाहिल्याशिवाय एल निनोच्या बातमीवरून काहीही ठरवणे व्यर्थ आहे.

समुद्र बरोबर ओळखला तरी शहराचे भवितव्य त्यातून कळत नाही. १९९२ मध्ये अटलांटिकचा हंगाम इतका संथ होता की नाव मिळालेली वादळे सहाच झाली. त्यांतले पहिलेच, अँड्र्यू, २४ ऑगस्टला मायामीच्या दक्षिणेला पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या, श्रेणीच्या तीव्रतेने धडकले. उलट २०१० मध्ये, ला निनाच्या काळात, तब्बल १९ वादळांना नावे मिळाली, पण हरिकेनच्या, म्हणजे तिकडच्या तीव्र चक्रीवादळाच्या, तीव्रतेचे एकही वादळ अमेरिकेच्या भूमीवर आले नाही. हंगामी अंदाज चुकीचा नसतो. शहराला हवे असलेले उत्तर तो देतच नाही, इतकेच.

ते उत्तर इशाऱ्यात असते, आणि तेही हळूहळू स्पष्ट होत जाते. भारतीय हवामान विभाग किनाऱ्यावर प्रतिकूल हवामान सुरू होण्याच्या किमान ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सतर्कतेची सूचना आणि २४ तास आधी प्रत्यक्ष इशारा देतो. नकाशावर पुढे रुंदावत जाणारा शंकू अनेक जण वादळाचा विस्तार समजतात, पण तो केवळ वादळाचे केंद्र कुठून जाण्याची शक्यता आहे हे दाखवतो. शंकूबाहेरच्या शहरातही मुसळधार पाऊस पडू शकतो किंवा समुद्राचे पाणी आत शिरू शकते, आणि वादळ नेमके भरतीच्या वेळी धडकले तर पाण्याची पातळी आणखी वाढते.

तयारीची कामे या दोहोंत कशी वाटायची, हा खरा प्रश्न आहे. नाल्यांतील गाळ काढणे, धोकादायक फलकांची व झाडांची तपासणी, रुग्णालयाचा जनरेटर तळघरातून वर हलवणे, निवाऱ्याच्या जागा ठरवणे ही कामे दरवर्षी हंगामापूर्वी व्हायला हवीत, आणि माझ्या मते अंदाज सौम्य आहे म्हणून त्यांत कपात करणे हीच सर्वांत महाग चूक आहे. इशाऱ्यानंतर फक्त तासांत उरकणारी कामे ठेवावीत: सखल भागांतील लोकांना हलवणे, बोटी सुरक्षित करणे, खिडक्यांना फळ्या ठोकणे. तो अवधीही नेहमी पुरेसा असेल असे नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये, एल निनोच्या वर्षात, मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळचे ओटिस २४ तारखेच्या सकाळी हरिकेनहून सौम्य असे साधे उष्णकटिबंधीय वादळ होते. मध्यरात्रीनंतर ते अकापुल्कोजवळ पाचव्या श्रेणीचे वादळ होऊन ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह धडकले, आणि त्याची तीव्रता इतकी वाढेल हे आदल्या दिवशीच्या अंदाजांत दिसले नव्हते.