चिडचिड भुकेची की लोह कमी असल्याची?

संध्याकाळची बदलापूर लोकल, चौथी सीटही मिळालेली नाही, आणि घरी पाऊल टाकताच टीव्हीच्या आवाजानेही डोकं उठतं. ‘हल्ली फार चिडते’ म्हणून घरचे मोकळे होतात. स्वभावावर जाण्याआधी दोन गोष्टी बघा: शेवटचं खाणं किती वाजता झालं आणि रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, किती आहे.

भुकेची चिडचिड घड्याळाप्रमाणे येते. साडेपाचला उठून चहा आणि दोन बिस्किटं, मग थेट दीडला डबा, मग रात्री नऊपर्यंत पुन्हा फक्त चहा. मैदा-साखरेने रक्तातली साखर पटकन चढते, तशीच उतरते. ती सावरायला शरीर अ‍ॅड्रेनालिन सोडतं, म्हणून हात थरथरतात, घाम येतो, कपाळ ठणकतं, शब्द तिखट होतात. पोटात काही गेलं की 15 ते 30 मिनिटांत हे ओसरतं. उतारा स्वस्त आहे: गाडी पकडण्याआधी मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम, फुटाणे-शेंगदाणे, त्यातून साधारण 7 ग्रॅम प्रथिनं मिळतात. उपवासाची साबुदाणा खिचडी म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्चच. कूट सढळ हाताने घाला, सोबत वाटीभर दही घ्या.

लोहाची कमतरता मात्र जेवून उठलं तरी तशीच राहते. आठवडेच्या आठवडे मन मरगळलेलं, कशात लक्ष नाही, कारण मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन ही मनःस्थिती सांभाळणारी रसायनं तयार होताना लोह लागतं. शरीर इतर खुणाही देतं. स्टेशनचा पूल चढताना धाप लागते, छाती धडधडते, केस गळतात, रात्री पाय सारखे हलवावेसे वाटतात. तांदूळ निवडताना चिमूट चिमूट तोंडात जाते, बर्फ किंवा खडू खावासा वाटतो. याला घरात ‘खोड’ म्हणतात. डॉक्टरांना जरूर सांगा.

तपासणीत फसायला होतं ते इथे. बायकांसाठी (गरोदर नसताना) हिमोग्लोबिनची सीमा 12. रिपोर्टमध्ये 12.3 दिसलं की विषय संपतो. पण शरीरातला साठा आधी रिकामा होतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं. म्हणून फेरिटिनही करून घ्या: 15 च्या खाली असेल तर साठा संपलेला, आणि बरेच डॉक्टर 30 च्या खालीच सावध होतात. ताप किंवा संसर्ग असताना ते उगाच जास्त दिसतं, त्या दिवसांत नको. त्याच रक्तात बी-12 आणि थायरॉइडही होऊन जाऊ दे, त्यांचा थकवा अगदी असाच असतो. दोन आठवडे उदासी हटतच नसेल तर रिपोर्टची वाट न बघता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा.

आता बीट आणि डाळिंब. रंग लाल म्हणून रक्त वाढत नाही! 100 ग्रॅम बिटात 1 मिलिग्रॅमही लोह नसतं, डाळिंबात त्याहून कमी. बाईची रोजची गरज 29 मिलिग्रॅम. त्यापेक्षा अळीव, मटकी, चवळी, खात असाल तर कलेजी, आणि वर लिंबू पिळायचंच. क जीवनसत्त्वाने डाळी-भाज्यांतलं लोह जास्त शोषलं जातं. जेवणावरचा चहा नेमकं उलटं करतो, म्हणून एक तास थांबा.

साठाच रिकामा असेल तर ताटाने भागत नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी लागते. ती चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका. शौचाला काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं नाही. पोट बिघडलं तर बंद करण्याऐवजी एक दिवसाआड घेऊ का, असं विचारा. पाळीत दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल तर आधी तो स्राव दाखवा, नाहीतर वरून भरायचं आणि खालून गळायचं. आणि हिमोग्लोबिन 12 वर आलं की बहुतेक जणी गोळी सोडतात. साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात.