गाडी सुरू होत नाहीये? बॅटरी बदलायच्या आधी हे वाचा

गाडी बंद पडली की बरेच ग्राहक आल्या आल्या एकच सांगतात, बॅटरी गेलीये, नवीन टाका. आम्ही बॉनेट उघडून बघतो तर कित्येकदा बॅटरी ठणठणीत असते, टर्मिनल (बॅटरीच्या खांबावर बसणारं वायरचं टोक) सैल असतं नाहीतर अर्थची वायर (निगेटिव्हपासून बॉडीला जाणारी) आतून गंजलेली असते. टर्मिनल सैल असलेल्या गाडीत नवीन बॅटरी टाकली तरी गाडी सुरू होतेच, कारण बॅटरी बसवताना टर्मिनल आपोआप साफ आणि घट्ट होतं, आणि सगळ्यांना वाटतं दोष जुन्या बॅटरीचाच होता. तुमचा असा फुकटचा खर्च होऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं म्हणून हे पत्रक.

पहिलं काम, कान द्या

सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारल्यावर आवाज कसा येतोय ते ऐका, निम्मं निदान तिथेच होतं.

टकटकटकटक असा भराभर आवाज येत असेल तर करंट कमी पडतोय. सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातो, मोटर करंट मागते, व्होल्टेज खाली येतं, सोलेनॉइड सुटतो, परत ओढला जातो, असं चालू राहतं. बॅटरी उतरलीये किंवा टर्मिनल नीट लागलेलं नाही, दोन्हीपैकी एक.

एकच जोरात टक आणि मग शांतता, असं असेल तर संशय सेल्फच्या मोटरवर किंवा तिच्या जाड केबलवर घ्यायचा.

काहीच आवाज नाही पण डॅशबोर्डचे दिवे लागतायत? मग आधी साध्या गोष्टी बघा. ऑटोमॅटिक गाडी पी (पार्क) किंवा एनमध्ये (न्यूट्रल) आहे ना, क्लच पूर्ण दाबलाय ना, दुचाकी असेल तर साइड स्टँड वर आहे ना आणि किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) चुकून बंद तर नाही झालेला. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडी चावी ओळखत नाहीये, रिमोटमधला छोटा सेल संपला की पुश बटणवाल्या गाड्यांमध्ये असं होतं, अशावेळी बहुतेक गाड्यांत चावी बटणाला किंवा ठरलेल्या जागी टेकवून स्टार्ट करता येतं, जागा कुठली ते मॅन्युअलमध्ये असतं.

आणि इंजिन मस्त जोरात फिरतंय पण पकडत नाहीये, तर बहुतेक बॅटरीचा काही दोष नाही, पेट्रोल-डिझेल नाहीतर स्पार्कची भानगड असणार. तेव्हा सेल्फ मारत बसू नका, एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको आणि मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर चांगली बॅटरी पण बसेल आणि सेल्फ तापून जळेल.

हेडलाइटची युक्ती

हेडलाइट लावा आणि कुणाला तरी समोर उभं करून (गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला) सेल्फ मारा. लाइट एकदम मंद होऊन विझत आला तर बॅटरी किंवा तिचं कनेक्शन. लाइट जशाच्या तसा प्रखर राहिला आणि सेल्फ हललाच नाही तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाहीये, म्हणजे रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच), फ्यूज, इग्निशन स्विच किंवा मधली वायर.

घरी मल्टिमीटर असेल तर अजून सोपं. गाडी काही तास बंद ठेवून मोजलं तर १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी फुल, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२च्या खाली म्हणजे उतरलेलीच. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरीत दम नाही. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवं, तिथे पण १२च दिसत असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) चार्ज करत नाहीये, आणि मग कितीही नव्या बॅटऱ्या टाका, सगळ्या उतरणारच.

टर्मिनल आणि अर्थ, खरे चोर इथेच सापडतात

टर्मिनल हाताने हलवून बघा. हाताने फिरत असेल तर ते सैलच आहे, वरून कितीही चकचकीत दिसू दे. पांढरी-हिरवट पावडर जमली असेल तर काढायची पण पद्धत आहे. अंगठी-कडं काढून ठेवा, गाडी बंद, आधी निगेटिव्ह सोडवा मग पॉझिटिव्ह, कारण निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. खायच्या सोड्याचं पाणी टाकून जुन्या ब्रशने घासा, पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका, पुसून कोरडं करा, पॉलिश पेपरने धातू उघडा करा, मग पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. वरून थोडी व्हॅसलीन लावली तरी चालेल.

अर्थकडे मात्र कोणी बघतच नाही. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी जाड वायर असते, सेल्फचा शे-दीडशे अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट तिच्यातूनच परत येतो. तिच्या बोल्टखाली गंज धरला की घराच्या गंजक्या पाइपसारखं होतं, नळ उघडा पण धार बारीक. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, आणि सेल्फला मात्र काही पुरत नाही. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारायला सांगा, अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थ खराब, बॅटरी बदलायची नाही.

रात्री ठीक, सकाळी ठप्प

गाडी बंद असताना पण घड्याळ, अलार्म वगैरे थोडा करंट घेतातच, साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. पण कोणीतरी कॅमेरा, जीपीएस किंवा म्युझिक सिस्टीम डायरेक्ट बॅटरीला जोडून दिली आणि अर्धा अँपिअर सतत जायला लागला तर दिवसाला १२ अँपिअर-तास गेले, ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन-तीन दिवसांत झोपते. बाहेरून काही बसवलं असेल तर आम्हाला आधीच सांगा, शोधायला वेळ वाचतो. उंदरांनी वायर कुरतडली असेल तरी बॉनेटखाली लेंड्या-कपटे दिसतात, तेव्हा सेल्फ न मारता फोन करा.

जंप देताना

जंप म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून केबलने करंट घेऊन गाडी सुरू करणं. जोडायचा क्रम असा: बंद गाडीचा पॉझिटिव्ह, मग चांगल्या गाडीचा पॉझिटिव्ह, मग चांगल्या गाडीचा निगेटिव्ह, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते म्हणून. बॅटरी फुगलेली, फुटलेली किंवा गळत असेल तर जंप अजिबात देऊ नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबलला हात लावायचा नाही.

उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार घालू नका, वायरिंग पेटतं. आणि चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासायची जुनी पद्धत आताच्या गाड्यांना चालत नाही, व्होल्टेज उसळून ईसीयू (इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर) जाऊ शकतो.

फोन करताना आवाज कसा आला, दिवे लागतात का, शेवटची गाडी कधी चालवली, बॅटरी किती वर्षांची आहे आणि अलीकडे काय नवीन बसवलं एवढं सांगा. जमलं तर सेल्फ मारतानाचा व्हिडिओ आवाजासकट पाठवा, म्हणजे माणूस येताना योग्य सामान घेऊनच येईल.