फ्लॅट दहा टक्के आणि रिड्यूसिंग चौदा टक्के: स्वस्त कोणतं?

दुचाकीच्या शोरूममध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर फायनान्सचा मुलगा बसलेला असतो. तो सांगतो, "काका, आपल्याकडे फक्त दहा टक्के. बँकेत गेलात तर चौदा लावतील." यात तो खोटं बोलत असेलच असं नाही. दोन्ही आकडे कागदावर खरे असू शकतात, आणि तरीही दहा टक्क्यांचं कर्ज महाग पडतं, चौदाचं स्वस्त.

करून बघू. कर्ज ८०,००० रुपये, मुदत तीन वर्षं, म्हणजे ३६ हप्ते. शोरूमच्या दहा टक्क्यांनी हप्ता बसतो २,८८९ रुपये. बँकेच्या चौदा टक्क्यांनी २,७३४. तीन वर्षांत शोरूमच्या कर्जावर २४,००० रुपये व्याज जातं, बँकेच्या कर्जावर साधारण १८,४००. साडेपाच हजारांचा फरक आहे, आणि तो जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेल्या दराच्या बरोबर उलट्या दिशेनं जातो.

याचं कारण इतकंच की शोरूमचा दर ‘फ्लॅट’ आहे आणि बँकेचा ‘रिड्यूसिंग’. बोलताना दोन्हींना व्याजदरच म्हणतात, म्हणून सगळा घोळ.

फ्लॅट दराचा हिशेब आपण सगळ्यांनी शाळेत केलेला आहे. सरळव्याज काढायचं तर मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर. ८०,००० गुणिले १० गुणिले ३ भागिले १००, उत्तर २४,०००. ते मुद्दलात मिळवायचं, १,०४,००० ला ३६ नं भागायचं, झाला हप्ता. गणितात चूक काढता येणार नाही. पण शाळेतल्या त्या उदाहरणातला कर्जदार सगळं मुद्दल मुदत संपेपर्यंत स्वतःजवळ ठेवायचा आणि शेवटच्या दिवशी एकरकमी परत करायचा. दुचाकी घेणारा पुढच्याच महिन्यापासून पैसे परत करू लागतो. लग्नासाठी मांडववाल्याकडून शंभर खुर्च्या आणल्या, रोज थोड्या थोड्या परत केल्या, आणि त्यानं शेवटच्या दिवसापर्यंत शंभर खुर्च्यांचंच भाडं लावलं, तर आपण त्याच्याशी भांडू. फ्लॅट दरानं हप्ता भरताना आपण भांडत नाही, कारण किती खुर्च्या परत गेल्या ते कुणी दाखवत नाही.

रिड्यूसिंगमध्ये दर महिन्याला जेवढं मुद्दल शिल्लक असेल तेवढ्यावरच व्याज. बँकेच्या कर्जाच्या पहिल्या हप्त्यात ९३३ रुपये व्याजाचे, उरलेले १,८०१ मुद्दलाचे. दुसऱ्या महिन्यात शिल्लक ७८,१९९, त्यामुळे व्याज ९१२. असं उतरत उतरत शेवटच्या हप्त्यात व्याज जेमतेम ३२ रुपये उरतं. आता फ्लॅटच्या हिशेबानं तोच शेवटचा हप्ता पाहा. मुद्दल शिल्लक आहे २,२२२ रुपये, आणि त्या महिन्याचं व्याज ६६७. एका महिन्याला तीस टक्के! खाजगी सावकारसुद्धा असा दर तोंडावर सांगायला धजणार नाही.

मग शोरूमच्या दहा टक्क्यांचा खरा, म्हणजे रिड्यूसिंग, दर किती? जवळपास १७.९ टक्के. खऱ्याखुऱ्या रिड्यूसिंग दहा टक्क्यांनी तेच कर्ज मिळालं असतं, तर हप्ता २,५८१ आणि एकूण व्याज १२,९०० च्या आसपास झालं असतं. दर महिन्याला फेड होत असल्यामुळे तीन वर्षांत सरासरी निम्म्याच्या जवळपास मुद्दल आपल्याकडे असतं. व्याज मात्र पूर्ण मुद्दलाचं. म्हणून खरा दर दुपटीकडे झुकतो, पण नेमका दुप्पट होत नाही.

तोंडी हिशेबाला एक ठोकताळा पुरतो. एक ते पाच वर्षांच्या हप्त्याच्या कर्जात फ्लॅट दराला पावणेदोन ते एक पूर्णांक आठनं गुणायचं. दहाचे साडेसतरा-अठरा. बारा टक्के फ्लॅट, दोन वर्षं, एक लाख रुपये: हप्ता ५,१६७, खरा दर साडेएकवीसच्या वर. नेमका आकडा हवा असेल तर फोनवरच्या कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये ‘रेट’ नावाचं फंक्शन असतं. त्यात हप्त्यांची संख्या, उणे चिन्ह लावून हप्ता आणि हातात पडणारी रक्कम भरायची. येणारं उत्तर महिन्याचा दर असतो, त्याला बारानं गुणायचं.

हातात पडणारी रक्कम म्हणजे मंजूर झालेली नव्हे. फाइल चार्ज, प्रोसेसिंग फी, स्टॅम्पचा खर्च, कधी न विचारता चिकटवलेला विमा, हे सगळं आधीच कापलं जातं. वरच्या कर्जात नुसती २,००० रुपयांची फी कापली तरी आपल्या पदरात ७८,००० पडतात आणि हप्ता ८०,००० चाच राहतो. खरा दर १७.९ वरून पावणेवीस टक्क्यांच्या घरात जातो. पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी दारात यायला हवी, या घाईत घरातलं कुणी हा हिशेब मांडत बसत नाही. दुकानदाराला ते पक्कं ठाऊक असतं.

सगळ्यात जास्त वादावादी होते कर्ज मध्येच बंद करताना. अठरा हप्ते झाले, बोनस आला, उरलेलं फेडून मोकळं व्हावं असं वाटतं. मनातला हिशेब सरळ असतो: निम्मे हप्ते भरले, म्हणजे निम्मं मुद्दल, चाळीस हजार, बाकी. कंपनीचं पत्र येतं साधारण ४५,३०० चं, दंड वेगळा. फसवणूक झाली असं वाटणारच. पण दर सांगताना फ्लॅट वापरणाऱ्या बहुतेक कंपन्या आतली खातेवही रिड्यूसिंग पद्धतीनंच ठेवतात, १७.९ टक्क्यांनी. त्या वहीत सुरुवातीच्या हप्त्यांतला मोठा वाटा व्याजात जातो आणि मुद्दल हळू उतरतं. म्हणजे कर्ज विकताना फ्लॅट, बंद करताना रिड्यूसिंग. मला या सगळ्या प्रकारात हीच गोष्ट सर्वांत खटकते. दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर असतात, पण ग्राहकाला दरवेळी त्याच्या तोट्याचाच दाखवला जातो.

दंडाचंही पाहून ठेवा. बदलत्या दराच्या कर्जावर, म्हणजे बहुतेक गृहकर्जांवर, घरगुती कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायला बँकांना मनाई आहे. दुचाकीचं कर्ज सहसा स्थिर दराचं असतं, त्याला ही सवलत आपोआप मिळत नाही. तिथे करारात काय लिहिलंय तेच चालतं.

महिला बचत गटात गेलात तर हा गोंधळ फारसा दिसत नाही. तिथे महिना दोन टक्के म्हटलं की वर्षाचे चोवीस होतात, आकडा ऐकून दचकायला होतं. पण व्याज उरलेल्या मुद्दलावर लावलं जातं आणि हिशेब सगळ्यांसमोर वहीत मांडला जातो. चोवीस टक्के रिड्यूसिंग आणि साडेतेरा टक्के फ्लॅट यांत फरक नगण्य आहे. गटातल्या बाईला आपण महाग कर्ज घेतोय हे माहीत असतं, शोरूममधल्या पदवीधराला नसतं. शिवाय गटाचं व्याज गटाकडेच राहतं.

रिझर्व्ह बँकेनं या दोन दरांचा घोळ मिटवायला एक चांगली सोय केली आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना प्रत्येक नव्या किरकोळ, म्हणजे सामान्य ग्राहकाला दिलेल्या, मुदत कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावं लागतं. त्यात एपीआर, म्हणजे फी, विमा वगैरे सगळे खर्च धरून येणारा वार्षिक दर, लिहावा लागतो. कर्जदाराला समजेल अशा भाषेत ते द्यायचं आहे, त्यामुळे मराठीत मागायला संकोच करायचं कारण नाही. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात हा कागद हातात आल्यावर विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. त्या काळात कंपनीला अटी बदलता येत नाहीत. "सही आजच करा, ऑफर संध्याकाळपर्यंतच आहे" असं कुणी म्हणालं, तर त्याला या कागदाची आठवण करून द्यावी. दोन कर्जांची तुलना करायची तर दोन्ही कागदांवरचे एपीआर शेजारी ठेवा, बाकी सगळे टक्के विसरा.

पतसंस्थांना मात्र हा नियम लागू नाही. त्या सहकार खात्याच्या देखरेखीखाली येतात, रिझर्व्ह बँकेच्या नाही. तिथे आपणच विचारायचं: व्याज शिल्लक मुद्दलावर आहे का, आणि शिल्लक कधी धरता, दर महिन्याला की वर्षातून एकदा? वर्षातून एकदा धरत असतील, तर बारा महिने भरलेले हप्ते मार्चअखेरीपर्यंत व्याजाच्या हिशेबात येतच नाहीत. नाव रिड्यूसिंग, चाल अर्धी फ्लॅटची.

‘झिरो टक्के’ किंवा ‘नो कॉस्ट ईएमआय’ हा फ्लॅट-रिड्यूसिंगच्या घोळाचा चुलतभाऊ. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असं रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज कुठेतरी बसतंच, बहुधा रोखीनं मिळाली असती त्या सवलतीत. क्रेडिट कार्डावर हप्ते केले तर व्याजावरचा १८ टक्के जीएसटी वेगळा निघतो. फ्रिज घेताना आधी रोखीचा भाव विचारावा, हप्त्याचं नाव नंतर काढावं.

हाच सरासरीचा खेळ ठेवींच्या जाहिरातीत उलटा चालतो. एक लाख रुपये पाच वर्षांसाठी सात टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीनं ठेवले तर १,४१,४७८ होतात. वरच्या ४१,४७८ ला पाचनं भागलं की वर्षाला ८.३ टक्के ‘यील्ड’, म्हणजे परतावा, झालं, आणि फलकावर तोच आकडा ठळक येतो. खरा वार्षिक परतावा ७.१९ टक्के आहे. मूळ रकमेवर सपाट सरासरी काढली की कर्जाचा दर लहान दिसतो आणि ठेवीचा मोठा. म्हणून कर्ज घेताना फ्लॅट दर आणि ठेव ठेवताना यील्ड कुणी सांगू लागलं, तर आधी दुसरा आकडा मागावा: कर्जासाठी एपीआर, ठेवीसाठी तिमाही चक्रवाढीचा मूळ दर.