शाळा म्हणते ‘दाखला घेऊन जा’: पालकांनी तक्रार कुठे, कशी करायची

मुलाच्या हातून काही घडलं की पालकांना बोलावलं जातं आणि समोर कागद ठेवला जातो, ‘पाल्याचा दाखला मिळावा, असा अर्ज लिहून द्या.’ त्यावर सही करू नका. आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेला मुलाला काढून टाकता येत नाही, म्हणून तर अर्ज तुमच्याकडून मागितला जातो. एकदा सही झाली की दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं लिहिलं जातं. मग तक्रार केली, तरी अधिकाऱ्यांपुढे पहिला पुरावा म्हणून तुमचाच अर्ज येतो.

आठवीपर्यंत शाळेत राहण्याचा हा हक्क शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 16 ने दिला आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीत नापास करून त्याच वर्गात बसवता येतं, पण शाळेतून काढण्यावरची बंदी कायम आहे. मारहाण आणि मानसिक छळ यांना कलम 17 ने मनाई केली आहे. वर्गाबाहेर उभं करणं, सगळ्यांसमोर अपमान करणं याचीही तक्रार करता येते.

कायद्यानुसार बालक म्हणजे 6 ते 14 वर्षांचं मूल. सरकारी, अनुदानित, विनाअनुदानित अशा सगळ्या शाळांना तो लागू आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा मात्र 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने यातून वगळल्या गेल्या, त्यामुळे अर्जात कलम 16 लिहिण्याआधी शाळेचा दर्जा विचारून घ्या. नववी-दहावीलाही हे कलम कामी येत नाही. तिथे भर द्यायचा तो लेखी नोटीस आणि बाजू मांडण्याची संधी मिळाली की नाही, यावर.

सगळ्यात आधी मुख्याध्यापकांना एक पत्र द्या. आरोप काय, कोणत्या तारखेचा, कोणत्या नियमाखाली कारवाई, हे लेखी मागा. मुलाकडून काही लिहून घेतलं असेल, तर त्याची प्रतही मागा. घाबरलेलं मूल सांगतील ते लिहून देतं आणि पुढे तोच माफीनामा कबुली म्हणून वापरला जातो. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. पोच द्यायला नकार मिळाला, तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. या काळात मुलाला घरी बसवू नका. गेटवर अडवलं, तर त्याच दिवशी तारीख-वेळ घालून शाळेला ईमेल करा, नाहीतर ‘मूल स्वतःच गैरहजर होतं’ असं उत्तर येतं.

शाळेने दाद दिली नाही, तर कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करायची. ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक), महापालिका हद्दीत महापालिकेचा शिक्षण विभाग. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तो मान्य नसेल, तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. आयोगाला चौकशीत साक्षीदार आणि कागदपत्रं बोलावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत.

तक्रारीला मुलाचा जन्मदाखला, प्रवेशाचा पुरावा किंवा बोनाफाईड, प्रगतिपुस्तक, शाळेची नोटीस किंवा मेसेजचे स्क्रीनशॉट, पोच घेतलेली पत्रं आणि फीच्या पावत्या जोडा. मारहाण झाली असेल, तर सरकारी दवाखान्यातला तपासणीचा कागद लगेच घ्या; वळ दोन दिवसांत निघून जातात. अर्जात घटना तारखेप्रमाणे लिहा आणि मागणी नेमकी ठेवा, म्हणजे मुलाला वर्गात बसू द्यावं, त्याच्याविरुद्ध नोंदवलेला शेरा काढून टाकावा. नुसतं ‘न्याय मिळावा’ लिहिलं, तर अधिकाऱ्यांना ठोस आदेश काढणं अवघड जातं. अनुदानित शाळेने कागद दिले नाहीत, तर 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करा. उत्तराची मुदत 30 दिवस आहे.

प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं, तर 18 वर्षांखालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. ताब्यात घेतलं असेल, तर 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. मुलाचं किंवा शाळेचं नाव बातमीत छापायलाही बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 74 ने बंदी आहे. तातडीची मदत लागली, तर 1098 वर फोन करा.