महाराष्ट्रातील अग्निशमन सेवा : प्रशासन व उत्तरदायित्व

आग विझवण्याची आणि आगीतून माणसे सोडवण्याची सेवा महाराष्ट्रात कोणाच्या हुकमतीखाली चालते आणि तिला जाब कोण विचारू शकतो, याविषयीची कायदेशीर चौकट व प्रत्यक्षातील व्यवहार. ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हा विषय नागरी स्थानिक संस्थांकडे दिला आहे. त्यामुळे साऱ्या राज्याचे मिळून एकच दल महाराष्ट्रात नाही. महापालिका व नगरपरिषदांची आपापली दले आहेत. औद्योगिक वसाहतींसाठी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे दल वेगळे. विमानतळ व तेलशुद्धीकरण कारखान्यांचे बंब आणखी वेगळे. खेड्यात गंजीला आग लागली, तर जवळच्या नगरपरिषदेचा बंब येईपर्यंत वाट पाहावी लागते. महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय राज्यपातळीवर मार्गदर्शन, प्रशिक्षण व परवाने पाहते. पण महापालिकेच्या मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याचा वरिष्ठ हा आयुक्त असतो, राज्याचा संचालक नव्हे.

मुंबईत हे काम आधी पोलिसांकडे होते. १८८७ मध्ये स्वतंत्र दल उभे राहिले आणि पुढच्याच वर्षीच्या महानगरपालिका कायद्याच्या चौकटीत ते पालिकेचे खाते झाले. निर्णय कोणाचा, हा प्रश्न तिथे सर्वांत भीषण रूपात पुढे आला तो १४ एप्रिल १९४४ रोजी. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाच्या गासड्या आणि स्फोटके एकत्र होती. आग लागल्यावर जहाज जागीच बुडवावे की बंदराबाहेर न्यावे, यावर अधिकाऱ्यांची मते पडत राहिली; ठाम हुकूम कोणी दिला नाही. स्फोटांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी जवानांच्या शौर्याची आठवण होते, हुकुमाच्या गोंधळाची क्वचितच.

सध्याचा मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. तो डिसेंबर २००८ मध्ये अमलात आला आणि २००९ मध्ये त्याचे नियम झाले. इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा बसवणे व चालू ठेवणे ही जबाबदारी कायद्याने मालक किंवा भोगवटादारावर टाकली. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र (नमुना ‘ब’) वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, दलाकडे द्यायचे असते. धोका आढळल्यास नोटीस देणे, जागा रिकामी करवणे, वीज-पाणी तोडणे हे अधिकार दलाच्या हाती आहेत. म्हणजे तपासणारी संस्था खाजगी, तिचे पैसे देणारा मालक आणि कागद स्वीकारणारे सरकारी खाते, अशी ही साखळी आहे. तिचा कच्चा दुवा उघड आहे. प्रमाणपत्र आले नाही तर मालक दोषी. पण आलेले प्रमाणपत्र जागेवर जाऊन पडताळले नाही तर कोण दोषी, याचे उत्तर कायदा तितक्या स्पष्टपणे देत नाही.

न्यायालयांनीही या बाबतीत हात आखडता घेतलेला आहे. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ जण मरण पावले. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाईचा बोजा चित्रपटगृहाचे परवानाधारक आणि वीज मंडळ यांच्यावर ठेवला. महापालिका व परवाना देणाऱ्या प्राधिकरणाला त्यातून वगळले. वैधानिक कामातील हलगर्जीपणामागे दुष्ट हेतू दिसल्याशिवाय अशा संस्थांकडून भरपाई वसूल करणे अवघड, असा त्याचा अर्थ निघतो. हा निकाल तपासणी खात्यांना फारच मोठी ढाल देऊन गेला, असे म्हणणे भाग आहे.

मग जाब विचारला जातो तो मुख्यतः दुर्घटनेनंतर, चौकशीतून. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईतील कमला मिलच्या आवारात दोन पबमध्ये १४ जणांचा बळी गेला. पालिकेचे काही अधिकारी निलंबित झाले. उच्च न्यायालयाने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती ए. व्ही. सावंत यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी दहा नवजात बालके दगावली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत ११ रुग्ण गेले. या दोन घटनांतली अडचण आणखी वेगळी आहे. इथे मालक खुद्द राज्य सरकार होते. स्थानिक संस्थेचा अधिकारी सरकारी रुग्णालयाची वीज तोडेल, ही कल्पना कागदावरच शोभते. २०१२ मध्ये तर मंत्रालयच पेटले होते.

लोकप्रतिनिधींचा अंकुश हा रोजच्या उत्तरदायित्वाचा मार्ग. शिडीच्या गाड्यांची खरेदी, नवी केंद्रे, रिक्त पदे हे विषय पालिकेच्या स्थायी समितीत आणि सभागृहात येतात. नगरसेवक तिथे प्रश्न विचारतात आणि वर्तमानपत्रांना बातमी मिळते. मुंबईत मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाचा कारभार राहिला. या काळात खर्च मांडणारा आणि मंजूर करणारा एकच होता.

नागरिकाच्या हातात माहितीचा अधिकार कायदा (२००५) आहे. आपल्या इमारतीचा ना हरकत दाखला, दिलेल्या नोटिसा, तपासणीचे अहवाल त्याखाली मागता येतात. लोकसेवा हक्क कायद्याखाली (२०१५) अग्निशमन ना हरकत दाखला ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क आहे. दाखला उशिरा मिळाला तर अपील करता येते; तपासणी झालीच नाही म्हणून तसे अपील नाही. या व्यवस्थेला बांधकाम व्यावसायिकाची निकड रहिवाशाच्या निकडीपेक्षा लवकर समजते.

केंद्राचा वाटा सल्ला, प्रशिक्षण व पैसा इतकाच. नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय, गृह मंत्रालयाचा २०१९ चा नमुना कायदा आणि दलांच्या आधुनिकीकरणासाठीची ५,००० कोटींची योजना ही त्याची ठळक उदाहरणे. तेराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवर वस्तीच्या महापालिकांनी आग-आपत्ती आराखडा राजपत्रात प्रसिद्ध करावा, अशी अट घातली होती. आराखडा प्रसिद्ध झाला की अट पूर्ण. तो पाळला जातो का, हे पाहण्याची सोय त्यात नव्हती.

गोव्यात चित्र निराळे आहे. १९८६ च्या कायद्यानुसार तिथे संपूर्ण राज्यासाठी एकच दल आहे. जबाबदारीची रेषा त्यामुळे सरळ व्हायला हवी. तरी डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइट क्लबच्या आगीत २५ जण मरण पावले, तेव्हा सरकारने तातडीने निलंबित केलेल्यांत पंचायत खात्याचे तत्कालीन संचालक, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तत्कालीन सदस्य सचिव आणि पंचायतीचा सचिव होते.