बिभा आणि संतमस

बिभा हा षडंश तारकासमूहातील, सूर्याहून थोडा जास्त वस्तुमानाचा पिवळसर पांढरा तारा. संतमस हा त्याच्याभोवती ५१ तासांत एक फेरी मारणारा वायूचा राक्षसी ग्रह. तारकासूचीतली त्यांची नावे एचडी ८६०८१ आणि एचडी ८६०८१ बी. अंतर सुमारे ३४० प्रकाशवर्षे. आज आपल्यापर्यंत येणारा उजेड तिथून निघाला तेव्हा सातपुड्यातल्या देवगडला (कोकणातल्या नव्हे) गोंड राजा बख्त बुलंद शाहच्या कारकिर्दीची सुरुवात होत होती आणि नागपूर शहर वसायचे होते. योगायोग असा की षडंश हा तारकासमूहही त्याच सुमाराचा आहे. हेवेलियस या खगोलज्ञाने आपल्या मोजणीच्या यंत्राची आठवण म्हणून १६८७ च्या नकाशात तो मांडला. या समूहात ठळक तारा एकही नाही, त्यामुळे आपल्याकडे त्याला जुने नाव नसावे यात नवल नाही.

बिभाची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, ८.७ आहे; हा आकडा जितका मोठा तितका तारा मंद. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या अगदी अंधुक ताऱ्याहूनही तो दहा-बारा पटींनी मंद. साधी दुर्बीण हवीच. पत्ता मात्र अवघड नाही, कारण तो मघेच्या शेजारचा आहे.

इथे एक घोळ आधी निस्तरावा लागतो. विदर्भातल्या शेतकऱ्याला मघा माहीत असते ती पावसाची. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात सूर्य त्या नक्षत्रात जातो आणि ‘न पडल्या मघा, तर वरती बघा’ ही म्हण आठवते (तिचा पूर्वार्ध ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे, विश्वकोशात तो छापत नाहीत). पण त्या दिवसांत वरती बघून मघेचा तारा दिसणार नाही. सूर्यच तिथे असल्याने तो दिवसा आभाळात असतो. रात्रीची मघा बघायची तर बरोबर सहा महिने थांबावे लागते. माघी पौर्णिमेला चंद्र तिच्याजवळ असतो, म्हणून तर महिन्याचे नाव माघ. पण त्या रात्री चांदण्यात बारीक तारे बुडून जातात. पंधरवडा जाऊ द्यावा. महाशिवरात्रीच्या आसपास, मार्कंड्याची जत्रा भरते त्या दिवसांत, आभाळ काळेभोर असते आणि मध्यरात्री मघा जवळपास डोक्यावर येते.

त्या वेळी जागे कोण असते? हरभऱ्यावर रानडुकरे आणि रोही (नीलगायी) पडू नयेत म्हणून जागलीला गेलेला माणूस, किंवा थ्री फेज लाइन रात्रीची आली म्हणून गव्हाच्या ओलिताला बांधावर उभा असलेला. त्याने सप्तर्षींचे खाटले ईशान्येला वर येताना रोजच पाहिलेले असते. त्याने मघेकडे तोंड करून दक्षिणेकडे नजर उतरवावी. खाली थोडा उजवीकडे एक एकटा, तांबूस तारा लागतो. तो वासुकीमधला अल्फार्ड. आसपास त्याच्या तोडीचा दुसरा नाही, म्हणून चुकायची भीती नाही. मघेपासून अल्फार्डपर्यंत मनात दोरी ताणली तर बिभा साधारण दोन तृतीयांश वाटेवर, दोरीच्या जराशा डावीकडे आहे. मोठ्या गावातल्या हायमास्ट दिव्याखाली तो सापडायचा नाही. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या टोकाला दहा बाय पन्नासची दुर्बीण पुरते, सोबत छापील नकाशा ठेवावा. दिसेल तो इतर ठिपक्यांसारखाच एक ठिपका.

ग्रह अर्थातच दिसत नाही, दुर्बीण कितीही मोठी आणली तरी. तो सापडला गोफणीच्या न्यायाने. ज्वारीत पाखरे हाकलायला गोफण फिरवणारा पोरगा लांबून पाहिला तर दगड नजरेला येत नाही, पण पोरगा स्वतः किंचित डुलतो हे दिसते. गोल फिरणारे वजन त्यालाही ओढत असते. तसाच तारा डुलतो. आपल्याकडे सरकला की त्याच्या वर्णपटातल्या (उजेड रंगांत फाकवून मिळणाऱ्या पट्ट्यातल्या) रेषा निळ्याकडे हलतात, दूर गेला की तांबड्याकडे. बिभाच्या बाबतीत हा वेग सेकंदाला सुमारे २०० मीटर निघाला. हवाईतल्या केक दुर्बिणीने घेतलेल्या मोजण्यांवरून २००६ साली हा शोध प्रसिद्ध झाला. ग्रहाचे वस्तुमान गुरूच्या किमान दीडपट आहे. ‘किमान’ म्हणायचे कारण असे की कक्षा आपल्या नजरेला किती तिरपी आहे ते कळलेले नाही, आणि कक्षा जितकी तिरपी तितका डुलण्याचा कमी भाग आपल्या वाट्याला येतो.

संतमस ताऱ्यापासून जेमतेम ५० ते ५५ लाख किलोमीटरवर आहे. सूर्यापासून बुध सरासरी याच्या दहापटीहून दूर असतो. एका आठवडी बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत संतमसची तीन वर्षे सरून चौथे लागलेले असते. ताप हजार अंशांच्या वर. चंद्रपूरचा मे महिना इथे उपमेलाही पुरत नाही. इतक्या जवळच्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असावी असे मानतात. अशांना तप्त गुरू म्हणतात. एवढा मोठा ग्रह ताऱ्याच्या इतक्या कुशीत घडणे अवघड, तेव्हा तो दूर जन्मून आत सरकला असावा हा बहुतेकांचा कयास. या जातीचा पहिला ग्रह १९९५ मध्ये मायोर आणि केलोझ यांनी ५१ पेगासी या ताऱ्याभोवती शोधला. त्यांना त्याचे नोबेल मिळाले ते २०१९ मध्ये.

नावे त्याच वर्षाची. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाला शंभर वर्षे झाली म्हणून प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा ग्रह बारशासाठी दिला गेला. भारताच्या वाट्याला ही जोडी आली. ताऱ्याचे नाव बिभा चौधुरी (१९१३–१९९१) यांच्यावरून आहे. कोलकात्यात देबेंद्र मोहन बोस यांच्यासोबत त्यांनी दार्जिलिंग, संदकफू अशा उंचीवर फोटोच्या काचा ठेवून अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचे माग टिपले आणि इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशेपट वस्तुमानाच्या कणाची चाहूल घेतली. दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांना चांगल्या काचा मिळाल्या नाहीत. पुढे चांगल्या काचांवर पायॉन नावाचा सूक्ष्म कण पकडणाऱ्या सेसिल पॉवेल यांना १९५० चे नोबेल मिळाले. बिभाबाईंनीच पायॉन शोधला असे सरसकट लिहिणे जास्तीचे आहे, पण वाट त्यांनी आधी तुडवली होती हे खरे. पुढे त्यांनी मँचेस्टरला भौतिकशास्त्रज्ञ ब्लॅकेट यांच्याकडे डॉक्टरेटचे काम केले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या त्या पहिल्या महिला संशोधक ठरल्या.

बिभा म्हणजे आपली विभा, प्रकाश. बंगालीत व चा ब होतो एवढेच. पायात काटा मोडल्यावर चटका द्यायच्या, मेळघाटातून गोळा होऊन येणाऱ्या बिब्याशी तिचा संबंध नाही. गावातल्या शाळेत हा प्रश्न हमखास येईल म्हणून लिहून ठेवलेले बरे. संतमस हे नाव पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने सुचवले. अधिकृत घोषणेत त्याचा अर्थ ‘ढगाळलेला’ असा दिला आहे, ग्रहाला वातावरण असेल या कल्पनेवरून. अमरकोशात मात्र संतमस म्हणजे चहूकडे पसरलेला काळोख, आणि उजेडाच्या इतक्या जवळ फिरणाऱ्यासाठी हा अर्थ जास्त खुमासदार वाटतो. रोमन अक्षरांतून वाचताना त्याचे ‘संतामासा’ होते. मराठीत संतमस असेच लिहावे.