एकदेह म्हणजे एकच पासवर्ड नव्हे

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लग्नाआधीच्या मार्गदर्शनाला बसलं की एक प्रश्न हमखास येतो. मागच्या खेपेला एका नवरदेवाने तो असा विचारला : "आम्ही एकदेह होणार ना? मग तिने मोबाइलचा पासवर्ड मला द्यायला काय हरकत आहे?" शेजारी बसलेली मुलगी पर्सची चेन उघडत होती, लावत होती. माझी हरकत पासवर्डला नाही. द्या की खुशाल! हरकत आहे ती त्या 'मग'ला.

एकनिष्ठा म्हणजे काय ते नव्याने सांगायला नको. सुखात, दुःखात, आजारपणात, मरेपर्यंत तुझ्याशिवाय दुसरं कोणी नाही, हे वचन आपण वेदीपुढे देतो. पण तिच्याच कपड्यांत मालकी घरात शिरते आणि लोक दोघींना एकाच नावाने हाक मारतात. मराठीत तर 'हक्क' हा शब्द दोन्हीकडे चालतो. हक्काचं माणूस म्हणजे ज्याला रात्री दोन वाजता उठवता येतं. हक्क गाजवणारा तो, जो रात्री दोन वाजता आपल्यालाच उठवून विचारतो, "कोणाचा मेसेज होता?"

'एकदेह' हा शब्द ज्या वचनातला आहे, ते बायबलमधलं उत्पत्ती २:२४ नीट वाचा. पुरुष आईबापांना सोडील आणि पत्नीशी जडून राहील. 'जडून राहणं' यासाठी मूळ हिब्रूत इथे 'दाबाक' हे क्रियापद आहे. सोडायचं त्याने, जडायचंही त्यानेच. तिला जखडून ठेवावं, असं तिथे एका अक्षराने म्हटलेलं नाही. एकनिष्ठा हे 'मी तुझा' असं स्वतःबद्दल दिलेलं वचन आहे. मालकी हा 'तू माझी' असा दुसऱ्यावर बजावलेला हुकूम.

हेच 'दाबाक' रूथच्या पुस्तकात पुन्हा येतं. नामी दोन्ही विधवा सुनांना सांगते, माहेरी परत जा. अर्पा रडते, सासूचा मुका घेते आणि जाते. पुस्तकाने तिला नावं ठेवलेली नाहीत. (आपल्या उपदेशांत मात्र बिचारीला फार बोल लागतात, ते मला अजिबात पटत नाही.) रूथ मात्र सासूला बिलगून राहते. नामीने आधी वाट मोकळी केली होती, म्हणूनच त्या बिलगण्याला वजन आहे. दाराला कडी घातली असती तर रूथ राहिली की अडकली, हे कळलंच नसतं.

आता माझं खरं दुखणं. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन, १ करिंथ ७:४ : पत्नीच्या शरीरावर तिचा नव्हे, पतीचा अधिकार आहे. एका लग्नात मी हे वचन इथपर्यंतच ऐकलं; पुढे पाळकांनी श्वास घेतला आणि विषय बदलला. वचनाचा उरलेला अर्धा भाग म्हणतो की पतीच्या शरीरावरही त्याचा स्वतःचा नव्हे, पत्नीचा अधिकार आहे. पहिल्या शतकातल्या करिंथात पहिला भाग ऐकून कोणी भुवई उंचावली नसेल. दचकवणारा होता तो दुसरा. आणि पुढच्याच वचनात, काही काळ दूर राहायचं तरी परस्परांच्या संमतीने, असं पौल लिहितो. अर्ध्यावर तोडलेलं हे वचन बेडरूममध्ये सातबारासारखं दाखवलं जातं, याची मला चीड आहे.

"पण देवच ईर्ष्यावान आहे," हा हुकमी पत्ता. निर्गम २०:५ मध्ये तसं आहे खरं. पण ते वचन मूर्तींपुढे वाकू नका हे सांगताना येतं. त्यावरून नवऱ्याला देवाची खुर्ची मिळत नाही. पौलही २ करिंथ ११:२ मध्ये करिंथकरांविषयी ईर्ष्या वाटते म्हणतो, पण ती नवरी तो स्वतःसाठी राखत नाही. ख्रिस्ताच्या हाती सोपवायची म्हणून जपतो.

मालकी न गाजवणाऱ्या या एकनिष्ठेला अनासक्ती म्हणू नका. ते वेगळं प्रकरण आहे. इथे जीव पुरता गुंतलेलाच असतो.

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत गेल्या नाहीत. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. टिळक काही शांत स्वभावाचे नव्हते. त्यांच्या तिरसटपणाचे किस्से खुद्द लक्ष्मीबाईंनीच 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात रंगवून सांगितलेत. पण बायकोच्या श्रद्धेवर त्यांनी हात टाकला नाही. लक्ष्मीबाई आधी नांदायला आल्या, बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये, आपल्या मनाने घेतला. मधल्या काळात त्याच ख्रिस्ती घरात त्यांचं सोवळंओवळं चालू होतं.